जाते म्हणू नये

सोमवार, ३ नोव्हेंबर

आलो बाई एकदाच्या! घर छोटं आहे पण नीटनेटकं. दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, आणि बाहेरचं दार असं की नुसतं लोटलं तरी खट्कन लागतं. मुंगीनं आल्या आल्या उजेडाची खोली बळकावली, माझं चांगलं पांघरूण पळवलं आणि मग भूक लागली म्हणून माझ्याच नावानं शंख केला. मुंगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची लेक. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून मीच हे नाव ठेवलं. आता चौदाव्या वर्षी माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघते, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. मी तिची माऊ. मावशी एवढं लांबलचक म्हणायला तिला वेळ नसतो.

तिची आई वर्षभरासाठी जहाजावरच्या नोकरीला गेलीय. निघताना माझा हात धरून म्हणाली, ताई, माझा जीव तुझ्याकडे ठेवतेय. मी म्हटलं, तुझा जीव तोंड फार करतो, त्याचं काय करू? दोघी हसलो, मग दोघी रडलो.

उद्यापासून नवी नोकरी. वाचनालयाच्या माडीवर मुलांचं केंद्र आहे, तिथं तेरा ते सोळा वयाच्या पोरांना आभासी जगात सुखरूप आणि शहाण्यासारखं वावरायला शिकवायचं. इतकी वर्षं व्याकरण शिकवलं, आता हे. मुंगी म्हणते, माऊ, तुला फोनचा टॉर्च बंद करता येत नाही, तू काय शिकवणार? टॉर्चचं खरं आहे. पण मला संशय घेता येतो, आणि या विषयात निम्मं काम तेच आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

केंद्र बघून जीव हरखला. जिना चढून गेलं की लांबच लांब दालन. खाली रबरी चटया, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, म्हणजे पोरं धडपडली तरी कपाळमोक्ष नको. प्रत्येक चटईशेजारी खुंटीला ते डोळ्यांवर बांधायचं यंत्र. त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण मी पाहिल्याबरोबर झापड म्हटलं आणि तास संपेपर्यंत सगळी पोरं झापडच म्हणायला लागली. मी एकदा लावून पाहिलं आणि गरगरून खालीच बसले. त्यामुळे मी आपली खुर्चीत. आत मुलं काय करतात ते समोरच्या मोठ्या पडद्यावर बघायचं आणि माईकवरून त्यांना सांगायचं.

आत काय आहे, तर सरावासाठी केलेला एक चौक. फरसबंदी, दिव्याचे खांब, भोवती घरं. घरं म्हणजे नुसत्या समोरच्या भिंती. दारं रंगवलेली, त्यांच्यामागे काहीच नाही, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. हा कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसून यंत्रं सांभाळणारा तरुण. बोलतो कमी, बघतो फार. अशा माणसांबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकतेच.

आत गेलं की प्रत्येकाला आवडीचं सोंग घेता येतं. कुणी वाघ झालं, कुणी राक्षस. मुंगीनं मुंगीचंच सोंग घेतलं आणि सगळ्यांना चावत सुटली. मुलं एकेक नग आहेत. एक बोलघेवडी आहे, तिच्या तोंडाला खीळ म्हणून नाही. एक मुलगा प्रत्येक वाक्याला हरकत घेतो, त्याला सगळे वकील म्हणतात. मला दोघंही आवडले.

एक गोष्ट मात्र खटकली. तास संपला तशी सगळ्यांनी झापडं काढण्याआधी चौकात उभं राहून जोरात ओरडा केला, जातो! जाते! मला तर काटाच आला अंगावर. आमच्या आईपुढे कुणी घरातून निघताना जाते म्हणायची छाती केली असती? जीभ हासडून हातात दिली असती. वकिलाला विचारलं तर म्हणाला, आधीच्या सरांनी असंच शिकवलंय, आणि फार कडक होते ते याबाबतीत. असले कसले सर? आवाज न देता नाहीसं होऊ नये हे ठीक. पण निरोप घ्यायचाच तर येतो म्हणावं, येते म्हणावं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आजचा तास झकास झाला. विषय होता खूणशब्द. आत कुणीही कुणाचंही सोंग घेऊ शकतं, आवाजाचीसुद्धा नक्कल करू शकतं, म्हणून घरच्या माणसांत एक गुपित शब्द ठरवून ठेवायचा. समोरच्यानं तो सांगितला तरच तो आपला. मुंगीचा आणि माझा शब्द झुरळ. मी झुरळाला घाबरते हे तिचं आयुष्यातलं मोठं सुख आहे. शब्द नुसता सांगत नाही कार्टी, माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत दोन बोटं तुरुतुरु चालवते आणि मग कानात झुरळ म्हणते. मी दर वेळी किंचाळते.

तास संपताना पोरांचा तो जातो-जाते मी बंद केला. म्हटलं, आपल्या भाषेत निघणारा माणूस येतो म्हणतो, म्हणजे पुन्हा येईन असा शब्द देतो, आणि राहणारा त्याला ये म्हणतो. दुरुस्तीवाला चक्क काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, बाई, त्यांना जातोच म्हणू द्या, सरांनी बजावलंय. का ते विचारलं तर ताकास तूर लागू देईना. मीही मग ऐकलं नाही.

मुलांनी एका सुरात येतो, येते म्हटलं. कानाला किती बरं वाटलं! आणि चौकातून कुणीतरी अगदी आदबीनं उत्तरही दिलं, या. कोण शहाणं बाळ ते कळलं नाही, पण त्याचे दोन गुण वाढवायला हवेत.

मुंगीनं नाही म्हटलं. ती घरीही कधी म्हणत नाही, दार आपटून चालती होते. तिनं झापड ओढून काढलं आणि म्हणाली, मी काय परदेशी चाललेय का, माऊ?

सोमवार, १० नोव्हेंबर

इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

आज पडद्यावर चौकात एक परकं सोंग दिसलं. वाघ नाही, राक्षस नाही. राखाडी, चेहरा नसलेला पुतळा, सोंग निवडलंच नाही तर जसा दिसतो तसा. मुलं त्याला कोरा म्हणतात. वकील म्हणाला, तो असतोच कधीकधी, आधीचे सर सोडून गेले तेव्हापासून, काही करत नाही. पण आज करत होता. एकेका मुलासमोर जाऊन दोन्ही हात हलवत होता, जिथं तोंड असायला हवं तिथं हात आडवा धरत होता. जणू सांगत होता, कुणाला सांगू नका. मला तर संतापानं घाम फुटला. निनावी, बिनचेहऱ्याचा, मुलांना गप्प राहायला सांगणारा! ज्याच्यापासून मुलांना जपायचं असतं तो हाच.

नियम मी शिकवलेच होते. बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, ब्लॉक करायचं, मोठ्यांना सांगायचं. मुलांनी पटापट केलं. मीही माझ्या बटणानं त्याला चौकाबाहेर ढकललं. मुलं येतो-येते म्हणाली तेव्हा तो कडेला उभा राहून डोकं धरत होता. चांगली खोड मोडली.

तास संपल्यावर दुरुस्तीवाल्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, ही यंत्रं बाहेर कशालाच जोडलेली नाहीत, या दालनातल्या झापडांखेरीज आत कुणी येऊच शकत नाही. झापडं लावलेली सगळी मुलं माझ्या डोळ्यांसमोर होती. मग उरलं कोण? काचेच्या खोलीत बसलेला तूच ना, बाबा.

रंगवलेल्या दारांपैकी एक किंचित किलकिलं दिसलं. त्याला विचारलं, तर कधी नाही ते त्याचा चेहरा पडला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज वकिलाची आई मुद्दाम माझे आभार मानायला आली. म्हणाली, बाई, तुम्ही काय जादू केलीत? परवा संध्याकाळी दारावर हळूच टकटक झाली आणि बाहेरून आमच्या चिरंजीवांचा आवाज, येऊ का? एरवी वाऱ्यासारखा घुसतो तो! मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, ये की रे, विचारतोस काय? बाहेर येऊन बघते तर स्वारी आधीच आतल्या खोलीत, हात मांडीवर ठेवून शांत बसलेली. तेव्हापासून एका शब्दानं वाद नाही. झापडाचं तर नाव काढत नाही.

माझी कॉलर ताठ झाली, खोटं कशाला बोलू? वकील आज तासाला आला आणि प्रत्येक गोष्टीला हो बाई म्हणाला. झापड लावायला नको म्हणाला, तेही किती नम्रपणे. थोडं चुकल्यासारखं वाटलं मला. हरकत घेणारं कुणी नसलं की शिकवायला मजा येत नाही.

आणि आज आत दोन कोरे होते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बोलघेवडी गप्प झाली. तिच्या वडिलांचा फोन आला, तीच कहाणी. टकटक, येऊ का, आणि पोरगी एकदम सोन्यासारखी.

केंद्रप्रमुख बाई जाम खूश आहेत. त्यांचे भाऊच आधीचे सर. म्हणाल्या, दादापेक्षा तुमचा वर्ग सरस निघाला. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, पण कुणीतरी मुलांचे आवाज आतमध्ये टिपून त्यांच्या दारात वाजवतंय, हा काही चांगला खेळ नाही. आणि चौकात कोऱ्यांची संख्या वाढतेय. माझा संशय कुणावर आहे तेही स्पष्ट सांगितलं. आवाज टिपायची यंत्रं त्याच्याच हातात, मुलांचे पत्ते त्याच्याच खोलीत.

त्याला दुपारीच काढलं. भांडला नाही. जिन्याच्या तोंडाशी माझ्याजवळ थांबून म्हणाला, सरांच्या तोंडूनसुद्धा सवयीनं एकदाच निसटलं होतं, बाई. तेवढं पुरलं. मग माझ्या डोळ्यांत बघून, एकेक अक्षर दाबून म्हणाला, जातो. आणि गेला. किती हा उद्धटपणा!

पीडा टळली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पीडा टळलेली नाही. तो गेला तरी आत कोरे आहेतच. त्यातला एक मघापासून प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी थांबून बोट वर करत होता, हरकत घेतल्यासारखं. मी त्याला बाहेर ढकललं. तो परत आला. मी परत ढकललं.

या सगळ्यात माझं डोकं फिरलं आणि राग निघाला मुंगीवर. तिनं नेहमीसारखं न बोलता झापड काढायला हात घातला तसं मी माईकवरून, सगळ्यांदेखत, ओरडले. म्हटलं, मावशी शिकवते आणि घरचीच मुलगी ऐकत नाही, लोक मला काय म्हणतील? ती थांबली. तिचं ते मुंगीचं सोंग पडद्यावर इवलंसं दिसत होतं. रडवेल्या आवाजात म्हणाली, येते. आतून आदबशीर उत्तर आलं, ये.

घरी येताना ती माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली. मलाही वाईट वाटत होतं. मी पीठ मळायला बसले, ती खोलीत.

मग गंमत झाली. दारावर हळूच टकटक. बाहेर मुंगीचा आवाज, अगदी गोड. येऊ का? माझ्या मनात आलं, वेडी रुसून बाहेर गेली होती वाटतं, आणि आता माफी मागतेय. माझे हात पिठात. मी तिथूनच म्हटलं, ये गं माझी बाय, विचारतेस काय?

हात धुऊन दार उघडलं तर बाहेर कुणी नाही. मुंगी तिच्या खोलीत होती, पलंगावर, हात मांडीवर ठेवून. मी जवळ घेतलं. म्हणाली, मावशी, मी आजपासून तुझं सगळं ऐकेन.

किती बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पण हे लिहिताना वकिलाची आई आठवतेय आणि पेन थांबतंय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मावशी. दोन दिवस झाले, मावशीच म्हणते. माऊ नाही.

माझं पांघरूण घडी करून माझ्या पलंगावर ठेवलं होतं. भाजी वाढताना आधी मला वाढली. दार लोटताना कडी धरून हळूच लावते, आवाज होत नाही. असं लेकरू कुणाला नको? मला. मला माझं दार आपटणारं हवंय.

आज न राहवून तिला खूणशब्द विचारला. झुरळ, असं म्हणाली. लगेच. बरोबर. हसली सुद्धा.

हात मांडीवरच होते. बोटं हलली नाहीत.

स्वतःलाच विचारतेय, संशयाचं भूत माझ्याच मानगुटीवर बसलंय का? पोरगी सुधारली म्हणून कुणी रडतं का?

गुरुवार, २० नोव्हेंबर

आधीच्या सरांकडे जाऊन आले. दार त्यांनीच उघडलं. स्वच्छ कपडे, हात जोडलेले. माझ्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणाले. मुलांना जातो म्हणायला का शिकवलं होतं? हो. चौकात काय आहे? हो, हो. काय आहे? छान आहे. पापणी लवत नव्हती. पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला आणि तो माझ्या हातात जाईपर्यंत बघत राहिले.

उठताना सवयीनं म्हटलं, येते हं. अशा वेळी कुणीही या म्हणतं. ते म्हणाले नाहीत. हसून म्हणाले, आम्ही आलोच आहोत.

आम्ही.

अख्खी वाट पळत आले. घरी मुंगी दारात उभी. मावशी, दमलीस का, म्हणाली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आता कळलं. साप साप म्हणून भुई धोपटली मी. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली.

आज वर्गात झापड लावायला फक्त चार मुलं उरली. पडद्यावर मात्र चौक भरलेला. सगळे कोरे, राखाडी, तोंडावर हात. आणि एक नवा, छोटासा. तो चौकाच्या मधोमध उभा राहून थेट पडद्याकडे, म्हणजे माझ्याकडे तोंड करून होता. आणि आपल्याच डाव्या मनगटापासून खांद्यापर्यंत दोन बोटं चालवत होता. तुरुतुरु. परत मनगटापासून. तुरुतुरु.

माझी मुंगी.

गप्प राहा म्हणत नव्हते ते. तो शब्द बोलू नका म्हणत होते. आणि मी, मी मुलांना शिकवलं की त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी त्यांना बटणानं ढकललं. वकिलाला. बोलघेवडीला. त्या बिचाऱ्या सरांना.

येते म्हणजे येईन असा शब्द. आपण तो बोलण्यापुरता देतो. दारांमागे जे आहे त्याला ही पद्धत माहीत नाही. ते शब्दाला शब्द धरतं. आपण येते म्हटलं की ते ये म्हणतं, आपला आवाज घेतं, मग दारात येऊन विचारतं. आणि घरातलं कुणीतरी, आई, बाप, मावशी — ये म्हणतं.

मीच म्हटलं. ये गं माझी बाय.

चारही मुलांना आत सांगितलं, जाते म्हणा, जातो म्हणा, ओरडून म्हणा. म्हणाली. दारांमागून काही उत्तर आलं नाही. त्यांच्या दारात अजून टकटक झालेली नाही, तेवढी तरी वाचली. त्यांना घरी पाठवतेय, आणि मी झापड लावतेय.

शुक्रवारच, नंतर

आत जाऊन आले. घाईघाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर —

गरगरलं, पण उभी राहिले. पडद्यावर नुसतं दिसतं, आत थंडी असते. मुंगी धावत आली. चेहरा नाही, आवाज नाही, पण माझ्या दंडावर बोटं चढली आणि मी किंचाळले आणि हसले आणि रडले. तिला पोटाशी धरलं. ती तिथं लागते, हाताला लागते. लहान लागते, पहिल्यासारखी.

तिला ओढून न्यायला बघितलं. नेता येत नाही. जायला अंग लागतं, आणि तिचं अंग घरी बसलंय, हात मांडीवर ठेवून.

म्हणजे घरची ती निघून गेली पाहिजे. तिनं जाते म्हटलं पाहिजे. ते तिच्याकडून वदवायचं, बस्स. त्यासाठी मला परत यायला हवं होतं. दारं आता सगळी किलकिली. सगळ्या कोऱ्यांनी मला घेरून मान हलवली, त्यातल्या उंच एकानं — सर असतील — माझ्या तोंडावर हात ठेवला. मला माहीत होतं काय म्हणायचं. दोन अक्षरं. जाते.

मुंगीनं माझी बाही धरली होती. सोडेना.

आपल्या लेकराला अशा जागी ठेवून, त्याच्या तोंडावर, जाते म्हणायचं? कुणाच्या तोंडून निघेल? माझ्या तोंडून निघालं, येते गं बाळा, मी लगेच येते.

दारांमागून, सगळ्या दारांमागून, किती आदबीनं —

या.

संध्याकाळ

घरी आहे. पळून जाऊ शकत नाही, तिचं अंग इथं आहे.

तिला समोर बसवलं. म्हटलं, म्हण, जाते. आधी प्रेमानं. मग पाया पडले. मग खांदे धरून गदागदा हलवलं. ती रागावली नाही. मुंगीच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून, समजावल्यासारखं म्हणाली, मावशी, जाते म्हणू नये. तूच शिकवलंस ना?

बहिणीला फोन लावला. लागत नाही. काय सांगणार होते? तुझा जीव —

दिवे लावलेत. कडी लावलीय. टेबल दाराला लावलं. माझ्या तोंडाला मीच रुमाल बांधलाय, सवयीचा भरवसा नाही. लिहितेय म्हणजे तोंड गप्प राहील.

ताई, वाचलंस तर — नाही, मी ताई, तू धाकटी — डोकं चालत नाही. हे वाचलंस तर इथल्या कुणालाही ये म्हणू नकोस. मी दारात आले तरी. मुंगी आली तरी. झुरळ म्हणाली तरी. बोटं बघ. बोटं चालली तरच —

टकटक.

हळू. किती सभ्य.

माझा आवाज आहे. माझाच. येऊ का?

नाही बोलणार. नाही. रुमाल घट्ट —

परत. येऊ का?

समोरची उठली. टेबल बाजूला करत नाही, कडीला हात लावत नाही. नुसती दाराकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, मावशी, दारात आलेल्याला ताटकळत ठेवू नये. तुला बोलायला जमत नाहीये का? असू दे. घरात मी आहे ना.

मी तिच्या तोंडावर हात — एका हातानं लिहि — मुंगी, नको, माझी बाय, न —

ती म्हणतेय, ये